मेमरी बॅरियर नेमका कुठे लावायचा? स्टोरेज ड्रायव्हरमधल्या दोन जागा

संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना मेमरी बॅरियरची व्याख्या पाठ असते. पण समोर खरा ड्रायव्हर ठेवून 'यात बॅरियर कुठे हवा?' असं विचारलं की गाडी अडते. म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवू आणि थेट एनव्हीएमई एसएसडीचा ड्रायव्हर घेऊ. त्यात कळीच्या जागा दोनच आहेत.

आधी पेण ते रोहा

समजा, पेणला तुमचा गणपतींचा कारखाना आहे आणि व्यापारी रोह्याला. एक कामगार मूर्ती खोक्यात भरून अंगणात ठेवतो. दुसरा रोह्याला फोन करतो, 'माल तयार आहे, टेम्पो पाठवा.' तुम्ही कामं याच क्रमाने सांगितलीत. पण त्या दोघांच्या दृष्टीने ही वेगवेगळी कामं. फोन पटकन होतो, म्हणून तो आधी झाला. टेम्पो आला आणि अंगणात पडलेलं जुनंच खोकं घेऊन गेला.

आता गंमत बघा. कारखान्यात बसून पाहिलं तर काहीच चुकलेलं नाही, दोन्ही कामं झालीत. चूक फक्त रोह्याला दिसते. प्रोसेसरचंही असंच आहे. तुमच्या प्रोग्रामला स्वतःपुरता क्रम बरोबर दिसेल एवढीच हमी तो देतो. बाहेरून बघणाऱ्या डिव्हाइसला तोच क्रम दिसेल याची नाही. ती हमी मागून घ्यावी लागते, आणि ती मागणं म्हणजे बॅरियर.

पहिली जागा: कमांड देताना

ड्रायव्हर ६४ बाइटची कमांड मेमरीतल्या सबमिशन क्यूमध्ये लिहितो. मग क्यूचं नवं टोक कुठे आहे ते डिव्हाइसच्या डोअरबेल रजिस्टरमध्ये लिहितो. घंटा वाजली की एसएसडी स्वतः डीएमएने मेमरीतून कमांड वाचून घेते.

कमांड पोचायच्या आधी घंटा वाजली तर? एसएसडी त्या जागेवरची जुनी कमांड वाचेल. ती 'अमुक ब्लॉकवर लिही' अशी असेल, तर भलत्याच फाइलचा डेटा बिघडू शकतो. वर एररही येणार नाही, कारण कमांड तर वैध होती!

लिनक्समध्ये डोअरबेलसाठी साधं राइटएल वापरलं, तर आधी मेमरीत लिहिलेलं डिव्हाइसला दिसेल ही हमी त्यातच असते. वेगासाठी राइटएल_रिलॅक्स्ड वापरलं की ती जाते, आणि आधी डब्ल्यूएमबी लावावा लागतो. इथे डीएमए_डब्ल्यूएमबी चालत नाही, हे नीट लक्षात ठेवा. तो फक्त मेमरीतल्या लिखाणांचा आपसातला क्रम राखतो. रजिस्टरवरच्या लिखाणाबद्दल काहीच हमी देत नाही.

दुसरी जागा: उत्तर वाचताना

काम झालं की एसएसडी १६ बाइटची नोंद कम्प्लिशन क्यूमध्ये टाकते. त्यात एक फेज बिट असतो. तो बदललेला दिसला म्हणजे नोंद नवी. ड्रायव्हर म्हणतो: फेज नवा असेल, तर कमांडचा क्रमांक वाच आणि ते काम पूर्ण झाल्याचं कळव.

'इफ' आहे ना मध्ये, मग क्रम आपोआप पाळला जाईल, असं वाटतं. नाही पाळला जात! प्रोसेसर अटीचा अंदाज बांधून पुढचं वाचन आधीच करून ठेवू शकतो. म्हणजे फेज बिट ताजा आणि क्रमांक शिळा.

हे पुस्तकी भय नाही. २०२० साली लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरमध्ये नेमक्या याच जागी डीएमए_आरएमबी घालावा लागला, कारण किमान एका आर्किटेक्चरवर ड्रायव्हर शिळी माहिती वापरत असल्याचं आढळलं होतं. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर साध्या मेमरीतल्या दोन वाचनांचा क्रम टिकतो; एआरएम आणि पॉवरवर तो बदलू शकतो. तेव्हा 'माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय' हा इथे पुरावाच नाही.

दोन गैरसमज

१. व्होलाटाइल लिहिलं की झालं. व्होलाटाइल कंपायलरला आवरतं, प्रोसेसरला नाही.

२. बॅरियर लावला म्हणजे डेटा डिस्कवर पक्का झाला. मुळीच नाही. बॅरियर फक्त क्रम ठरवतो. एसएसडीच्या स्वतःच्या कॅशमधला डेटा कायमचा व्हायला फ्लश किंवा एफयूए कमांडच लागते. वीज गेली की हा फरक फार महागात पडतो.

मग संशोधनाला जागा कुठे?

२०१८ मध्ये, ४.१७ आवृत्तीत, लिनक्स कर्नलमध्ये औपचारिक मेमरी मॉडेल आलं. छोटे लिटमस टेस्ट लिहायचे आणि हर्ड७ या साधनाने कोणते निकाल शक्य आहेत ते तपासायचं. पण या मॉडेलमध्ये डीएमए आणि रजिस्टरवरची लिखाणं धरलेलीच नाहीत. म्हणजे आपण वर पाहिलेल्या दोन्ही जागा त्याच्या कक्षेबाहेर! डिव्हाइसला आणखी एक सहभागी मानून अशा ड्रायव्हरची तपासणी कशी करायची, हा चांगला प्रश्न आहे.

तोवर एक सराव करा. कुठलाही खुला ड्रायव्हर उघडा आणि प्रत्येक बॅरियरसाठी कागदावर तीन गोष्टी लिहा: त्याच्या आधीचं कोणतं काम, नंतरचं कोणतं काम, आणि हा क्रम कोणाला दिसायला हवा. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर तो बॅरियर तिथे का आहे हे तुम्हाला अजून कळलेलं नाही किंवा तो तिथे नकोच आहे. दोन्हीपैकी खरं काय, ते शोधताना बरंच शिकायला मिळेल.