मिलफर्ड ग्रेव्हज : हृदयाची लय ऐकणारा तालवादक

जॅझमधील तालवादक, महाविद्यालयातील प्राध्यापक, वनौषधींचा जाणकार, एका युद्धकलेचा जनक, हृदयध्वनींचा अभ्यासक आणि शिल्पकार, अशी एकाच माणसाची ओळख करून दिली, तर ऐकणाऱ्याच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. एक तर हा माणूस कशातच स्थिरावला नसावा, किंवा सांगणारा अतिशयोक्ती करीत असावा. न्यूयॉर्कचे मिलफर्ड ग्रेव्हज (१९४१-२०२१) यांच्या बाबतीत या दोन्ही शंका टिकत नाहीत. त्यांचे सारे उद्योग एकाच प्रश्नाभोवती फिरत होते: जिवंत लय म्हणजे काय, आणि घड्याळाच्या टिकटिकीपासून ती वेगळी कशी? या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी सुमारे सहा दशके केला. अखेरीस तो प्रश्न त्यांच्या स्वतःच्याच हृदयाशी येऊन ठेपला.

हाताने वाजणारे ढोल

ग्रेव्हज यांचा जन्म २० ऑगस्ट १९४१ रोजी न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातील जमैका या वस्तीत झाला. लहानपणी त्यांच्या हाताशी आधी आले ते हाताने वाजवायचे काँगा. काठ्यांनी वाजवायचा पाश्चात्त्य ड्रमसंच पुढे आला. तरुणपणी ते लॅटिन नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदांत टिंबालीस वाजवीत. क्यूबामार्गे अमेरिकेत आलेल्या आफ्रिकी तालपरंपरेत अनेक लयी एकाच वेळी एकमेकींवर रचलेल्या असतात, आणि कातड्यावर हाताचा कोणता भाग कुठे पडतो यावर नाद बदलतो. ही जाण घेऊनच ते जॅझकडे वळले. जॉन कोल्ट्रेन यांच्या चमूतील एल्विन जोन्स यांचे वादन ऐकल्यावर ते ड्रमसंचाकडे गंभीरपणे पाहू लागले.

१९६५ मध्ये त्यांनी वसंथा सिंग यांच्याकडे तबल्याचे शिक्षण घेतले. हा तपशील आपल्या वाचकांना विशेष वाटेल; पण त्याचा अर्थ त्यांनी जॅझमध्ये तबल्याचे बोल मिसळले असा नाही. त्यांच्या शोधाला पोषक असे काही तबल्यात होते. डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन स्वर वर-खाली नेता येतो. नाद एका बिंदूवर थांबत नाही, वळतो. ग्रेव्हज यांनी आपल्या ड्रमची खालची कातडी काढून टाकली आणि वरच्या कातड्याचा ताण बदलत नाद वाकवण्याची रीत बसवली. स्नेअर ड्रमच्या तळाशी असलेल्या धातूच्या तारांमुळे त्या वाद्याला खरखरीत, लष्करी कवायतीचा आवाज येतो. त्या ताराही त्यांनी वर्ज्य केल्या. ड्रमची खोडे त्यांनी स्वतःच भडक रंगांत रंगवली.

ठेक्याशिवाय लय

त्या काळच्या जॅझमध्ये ड्रमवादकाचे पहिले काम ठेका धरण्याचे होते. झांजेवर अखंड चालणारा डोलता ठेका आणि पायाखालच्या जोडझांजेवर दुसऱ्या व चौथ्या मात्रेला पडणारी टीप हा गायक-वादकांचा आधार असे. तबलजीने विलंबित ख्यालात ठेका धरून राहावे आणि गायकाने त्यावर मुक्त विहार करावा, तसेच काहीसे हे नाते होते.

१९६४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जे ‘मुक्त जॅझ’ आकाराला येत होते, त्यात हे नाते सुटले. ग्रेव्हज त्या वर्षी ‘न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेट’ या चमूत आले. ट्रॉम्बोनवर रॉस्वेल रड आणि सॅक्सोफोनवर जॉन चिकाई होते. त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत कवी अमिरी बराका यांनी आपली कविता वाचली. या वादनात ग्रेव्हज कोणासाठीही मात्रा मोजत नाहीत. ट्रॉम्बोनच्या वाक्याला ते उत्तर देतात, सॅक्सोफोनला अडवतात, मध्येच शांत होतात. १९६५ मध्ये त्यांनी सनी मॉर्गन यांच्यासह केवळ तालवाद्यांची ध्वनिमुद्रिका केली. सुरांच्या वाद्याचा आधार नसतानाही ढोल स्वतःचे म्हणणे मांडू शकतात, हे त्यातून दिसले.

ठेका नाही म्हणजे लय नाही, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. आलाप ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या रसिकांना मात्र हा मुद्दा सहज उमगेल. आलापात ठेका नसतो; पण आलाप लयहीन असतो असे कोणी म्हणणार नाही. श्वासाची, स्वरावर रेंगाळण्याची आणि पुढे सरकण्याची आंतरिक लय त्यात चालूच असते. ग्रेव्हज यांनी हीच गोष्ट तालवाद्यांवर साधली. वेग प्रचंड, पण दर क्षणाचा श्वास वेगळा, असे त्यांचे वादन आहे.

१७ जुलै १९६७ रोजी कोल्ट्रेन यांचे निधन झाले. चार दिवसांनी न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये झालेल्या अंत्यविधीत सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलर यांच्या चमूने वादन केले, तेव्हा ड्रमवर ग्रेव्हज होते. त्याच वर्षी आयलर यांच्या ‘लव्ह क्राय’ या ध्वनिमुद्रिकेतही त्यांनी साथ केली.

आपले आपण

नावलौकिक होऊ लागला, तरी ग्रेव्हज यांनी व्यावसायिक कंपन्यांच्या मागे धाव घेतली नाही. ३० एप्रिल १९६६ रोजी पियानोवादक डॉन पुलन यांच्यासह येल विद्यापीठात केलेली मैफल त्या दोघांनी स्वतःच ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या प्रतींची वेष्टने त्यांनी हातांनी रंगवली. या प्रकाशनाला दिलेले नाव ‘सेल्फ रिलायन्स प्रोग्राम’, म्हणजे स्वावलंबनाचा कार्यक्रम, असे होते. कृष्णवर्णीय कलावंताचे संगीत कोणी छापायचे, विकायचे आणि त्याचा मोबदला कोणी ठरवायचा, हा त्या काळातला जळता प्रश्न होता. त्याला या दोघांनी दिलेले हे कृतिरूप उत्तर होते.

पोटापाण्यासाठी आणि कुतूहलापोटीही ग्रेव्हज यांनी वैद्यकीय प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे प्रशिक्षण घेतले आणि एका पशुवैद्याच्या प्रयोगशाळेचे काम पाहिले. रक्त तपासणे, नोंदी ठेवणे, निष्कर्ष पडताळणे ही शिस्त त्यांना तेथे लाभली. १९७३ मध्ये व्हरमाँट राज्यातील बेनिंग्टन महाविद्यालयात ते शिकवू लागले आणि २०१२ पर्यंत तेथे राहिले. क्वीन्समधले घर मात्र त्यांनी सोडले नाही. या घराच्या बाहेरच्या भिंतींवर त्यांनी दगड आणि काचांचे तुकडे बसवून नक्षी केली, अंगणात औषधी वनस्पती लावल्या आणि तळघरात प्रयोगशाळा थाटली. वनौषधी आणि अ‍ॅक्युपंक्चरचा अभ्यास करून ते परिसरातील लोकांना उपचारही सुचवीत.

कीटक हाच गुरू

याच अंगणात त्यांची ‘यारा’ ही युद्धकला घडली. तिच्या जन्माची हकिगत ग्रेव्हज यांचा स्वभाव सांगणारी आहे. चिनी कुंग-फूमध्ये मँटिस या कीटकाच्या हालचालींवर आधारलेली एक शैली आहे. पुढचे दोन पाय जोडून प्रार्थनेला बसल्यासारखा दिसणारा हा कीटक सावजावर विजेच्या वेगाने झडप घालतो. ही शैली कोणा उस्तादाकडून शिकण्याऐवजी ग्रेव्हज यांनी मँटिसच मिळवले, अंगणात सोडले आणि ते काय करतात हे पाहत बसले. मूळ गुरू कीटक असेल, तर मधल्या माणसाची गरज काय, हा त्यांचा युक्तिवाद होता. या निरीक्षणाला त्यांनी पश्चिम आफ्रिकी नृत्याची पावले आणि न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीयांनी घडवलेल्या लिंडी हॉप नाचाची चपळाई जोडली.

यारामध्ये ठरावीक हालचाली पाठ करून चालत नाही. समोरचा काय करतो त्याला क्षणार्धात प्रतिसाद द्यावा लागतो. मुक्त जॅझची मागणीही हीच असते. ड्रमवादनासाठी लागणारे चपळ मनगट, स्वतंत्रपणे चालणारे चारही अवयव आणि जागरूक कान यांची तालीम त्या अंगणात होत होती.

छातीतला ढोल

ग्रेव्हज यांच्या कामाचा सर्वांत वेगळा भाग हृदयध्वनींचा आहे. वैद्यकीय पुस्तकांच्या दुकानात त्यांना विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली हृदयाच्या आवाजांची ध्वनिमुद्रिका मिळाली. निरोगी आणि रोगग्रस्त हृदयांचे ठोके तीत एकामागून एक ऐकवलेले होते. ग्रेव्हज यांच्या कानाला त्यांत आफ्रिकी आणि क्यूबन ढोलांच्या लयी ऐकू आल्या. त्यानंतर ते स्वतःच माणसांच्या हृदयाचे आवाज मुद्रित करू लागले.

इथे थोडे शरीरशास्त्र आवश्यक आहे. हृदयाच्या ठोक्यातले दोन आवाज झडपा मिटल्याने उमटतात. पहिला आवाज कर्णिका आणि जवनिका यांच्यामधल्या झडपांचा. दुसरा महारोहिणी आणि फुप्फुस-रोहिणी यांच्या मुखाशी असलेल्या झडपांचा. मिनिटाला साठ ठोके पडतात याचा अर्थ प्रत्येक ठोका बरोबर एका सेकंदाने पडतो असा होत नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंदावतात. निरोगी हृदयात दोन ठोक्यांमधले अंतर असे सतत थोडे बदलत असते, आणि हा बदल वैद्यकशास्त्र आज मोजते. विश्रांतीच्या वेळी तो फारच कमी झाला, तर शरीराची ताणाशी जुळवून घेण्याची शक्ती घटल्याचे ते एक लक्षण मानले जाते. अर्थात प्रत्येक अनियमितता आरोग्याची खूण नसते. कर्णिकांची विस्कळीत थरथर हा गंभीर आजार आहे, आणि त्यात ठोके पूर्णपणे अनियमित पडतात.

ग्रेव्हज यांना यात आपल्या वादनाचे समर्थन दिसले. यंत्रासारखा समान ठेका शरीराला परका आहे. सजीव लय लवचीक असते, हे त्यांचे प्रतिपादन होते. २००० मध्ये त्यांना गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळाली, आणि त्यातून अधिक प्रगत संगणक व उपकरणे घेता आली. अभियंते वापरतात ती मोजमापाची संगणक-प्रणाली हाताशी धरून ते हृदयाच्या विद्युत्-संकेतांचे विश्लेषण करीत, आणि सर्वसामान्य कानाला ऐकू न येणारी कंपने ऐकू येतील अशा पट्टीत आणून त्यांचे स्वर बनवीत. एखाद्याचे हृदय त्यालाच संगीताच्या रूपात ऐकवावे, आणि त्या आवाजाने त्याच्या हृदयाला अधिक लवचीक लयीकडे न्यावे, अशी त्यांची कल्पना होती.

इटलीतील जीवशास्त्रज्ञ कार्लो व्हेंतुरा यांच्याबरोबर त्यांनी हृदयध्वनींपासून मिळवलेली कंपने मूलपेशींवर वापरण्याच्या पद्धतीचे पेटंटही २०१७ मध्ये मिळवले. येथे एक फरक स्पष्ट ठेवला पाहिजे. पेटंट हे पद्धतीच्या नावीन्याला मिळते. त्याने रोग बरा होतो हे सिद्ध होत नाही. ग्रेव्हज यांची ध्वनिचिकित्सा प्रस्थापित उपचारांमध्ये मोडत नाही, आणि हृदयविकार असलेल्या कोणी तिच्याकडे औषधाचा पर्याय म्हणून पाहू नये. त्यांच्या कामाचे मोल निराळे आहे. डॉक्टर ज्या आवाजात दोष शोधतात, त्यात एका वादकाने बारकाईने संगीत ऐकले, आणि त्यासाठी नोंदी, मोजमाप व पडताळणी यांचे कष्ट घेतले.

अखेरचा अभ्यास

२०१८ मध्ये जेक मेगिन्स्की या त्यांच्या शिष्याने दिग्दर्शित केलेला ‘मिलफर्ड ग्रेव्हज फुल मँटिस’ हा माहितीपट प्रदर्शित झाला. त्याच वर्षी ग्रेव्हज यांना हृदयाच्या अमायलॉइड विकाराचे निदान झाले. या आजारात विकृत प्रथिनांचे थर हृदयाच्या स्नायूत साचतात, स्नायू ताठर होतो आणि त्याला नीट सैल होता येत नाही. डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत सांगितली होती. आयुष्यभर लयीच्या लवचीकतेचा अभ्यास करणाऱ्या माणसाच्या वाट्याला हृदय ताठर करणारा रोग यावा, हा योगायोग क्रूर होता. ग्रेव्हज यांनी मात्र त्याकडे अभ्यासाचा पुढचा टप्पा म्हणून पाहिले. इतरांच्या हृदयांवर केलेले काम म्हणजे या दुखण्याची पूर्वतयारीच होती, असे ते मुलाखतींतून सांगत. स्वतःच्या हृदयाचे आवाज ते मुद्रित करीत राहिले.

याच वर्षांत ते शिल्पेही घडवीत होते. मानवी सांगाडा, शरीररचनेच्या प्रतिकृती, ढोल, घंटा आणि हृदयाचे आलेख दाखवणारे पडदे एकत्र आणून केलेल्या या रचनांत त्यांचे सारे आयुष्य एका जागी दिसते. सप्टेंबर २०२० मध्ये फिलाडेल्फियाच्या समकालीन कला संस्थेत त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरले. ध्वनिमुद्रिकांची रंगवलेली वेष्टने, ड्रम, यारासंबंधीचे साहित्य आणि हृदयाचे आलेख एकाच छताखाली आले. प्रदर्शन संपल्यानंतर काही आठवड्यांनी, १२ फेब्रुवारी २०२१ रोजी ग्रेव्हज यांचे निधन झाले. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपेक्षा ते बराच अधिक काळ जगले. त्याचे श्रेय कशाला द्यावे हे ठरवण्याचा मोह टाळलेला बरा. त्या काळात त्यांनी काम थांबवले नाही, एवढे निश्चित.

ऐकणाऱ्यासाठी

ग्रेव्हज यांचे वादन प्रथमच ऐकणाऱ्याने १९६६ च्या येल मैफलीपासून किंवा १९७४ मध्ये अँड्र्यू सिरिल यांच्यासह केलेल्या ‘डायलॉग ऑफ द ड्रम्स’ या दोन ड्रमवादकांच्या संवादापासून सुरुवात करावी. पायाने ठेका धरण्याचा प्रयत्न केल्यास पहिल्या मिनिटातच चुकल्यासारखे वाटेल. मात्रा मोजणे सोडून द्यावे आणि आलाप ऐकतो तसा एकेका वाक्याचा श्वास ऐकावा. मग लक्षात येते की हा वादक थांबतो, रेंगाळतो, धावतो, आणि या सगळ्यांत कुठेही तुटत नाही.