ब्लूटूथ आणि घरांतील वृद्ध मंडळी

हल्लीं एकत्र कुटुंबांतून ब्लूटूथविषयीं कुरबुर नित्याचीच झाली आहे. परदेशीं असलेल्या मुलाचा फोन येतो, आजोबा कानांत ब्लूटूथचें श्रवणयंत्र घालून सरसावून बसतात, आणि मुलाचा आवाज निघतो तो माजघरांतल्या नातीच्या स्पीकरमधून! मग ‘आजोबांना हें जमत नाहीं’ असा निकाल देऊन घर मोकळें होतें. आम्हांस हा निकाल अन्यायाचा वाटतो. दोष आहे तो यंत्राच्या ठेवणींत.

१९९४ सालीं एरिक्सन या स्वीडिश कंपनींत हें तंत्र जन्मास आलें, तें दोन यंत्रांमधील तार वगळावी म्हणून. एकदां ओळख करून दिलेलें यंत्र चालू होतांच बहुधा आपण होऊन जुना सोबती गांठतें. एका फोनाला असे चार सोबती असल्यास घोटाळा ठरलेलाच. शिवाय त्याच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत वाहतात. तेथेंच वायफाय व मायक्रोवेव्ह भट्टी यांचीही गर्दी असते. त्यामुळें आवाज मध्येंच तुटतो.

उपाय साधा आहे. वृद्धांच्या फोनांतून इतर यंत्रांची नोंद काढून टाकावी, मुलांनीं आपला स्पीकर त्यास जोडूं नये, आणि महत्त्वाच्या बोलण्यासाठीं तारेचा हेडफोन हाताशीं ठेवावा. वडीलधाऱ्यांनीं हताश होऊन बोलणेंच सोडावें, हें सुशिक्षित घरास शोभत नाहीं.