सरकते कप्पे : दमट हवामानात घरगुती धान्य-कडधान्याची सुरक्षित साठवण

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम हे भातपिकाच्या पट्ट्यातील नगर. तंजावरच्या भोसले राजवटीबरोबर (इ. स. १६७६ च्या सुमारास ते १८५५) दक्षिणेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही या परिसरात राहतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येथे ईशान्य मोसमी पाऊस पडतो. हवा दमट होते, भिंतींना ओल येते आणि घरात साठवलेल्या धान्याची परीक्षा सुरू होते. कोकणातील वाचकांना जून ते सप्टेंबरमध्ये हाच अनुभव येतो.

मूळ अडचण

तामिळ खेड्यांतील मातीच्या ‘कुदिर’ कणगीत धान्य वरून भरले जाई आणि तळाजवळच्या छिद्रातून काढले जाई. त्यामुळे जुने धान्य आपोआप आधी वापरले जाई. आजच्या ओट्याखालील खोल कपाटात नेमके उलटे घडते. नवी पिशवी पुढे ठेवली जाते, तर जुनी मागे ढकलली जाते आणि विसरली जाते.

कडधान्यातील भुंगेरा दाण्यावर अंडी घालतो. अळी दाण्याच्या आत वाढते व प्रौढ कीटक गोल छिद्र पाडून बाहेर येतो. उष्ण हवेत एक पिढी साधारण महिनाभरात पूर्ण होते. म्हणून मागील कोपऱ्यात दोन-तीन महिने पडून राहिलेला डबा हे साऱ्या कपाटाच्या प्रादुर्भावाचे उगमस्थान ठरू शकते. कपाटाचा मागील भाग सहज दृष्टीस आणणे, हाच सरकत्या कप्प्याचा खरा उपयोग होय. ज्येष्ठांना वाकून हात घालावा लागत नाही, हा आणखी एक लाभ.

कप्पा तयार करण्याची पद्धत

१. मोजमाप : कपाटाची आतील रुंदी पुढे, मध्ये व मागे मोजावी आणि सर्वांत कमी माप ग्राह्य धरावे. उघडलेले दार किंवा बिजागरी आत येत असल्यास त्या बाजूस लाकडी पट्टी ठोकून तिची जाडी वजा करावी.

२. रुंदी : टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूस सुमारे १३ मि.मी. जागा लागते. म्हणजे ५६० मि.मी. मोकळ्या रुंदीसाठी कप्प्याची बाहेरील रुंदी ५३४ मि.मी. ठेवावी. सुताराने खरेदी केलेला चॅनेल प्रत्यक्ष मोजून मगच फळ्या कापाव्यात.

३. साहित्य : बाजूंसाठी १२ मि.मी. व तळासाठी ९ मि.मी. जाडीचे बीडब्ल्यूआर दर्जाचे प्लायवूड वापरावे. त्यावर आयएसआय चिन्ह पाहावे. कापलेल्या कडांतून ओल शिरते, म्हणून जोडणीपूर्वीच सर्व कडांना वॉर्निश किंवा रंग द्यावा.

४. जोडणी : बाजू १०० मि.मी. व पुढील पट्टी ७५ मि.मी. उंच असावी. चौकटीचे दोन्ही कर्ण समान आल्यावरच तळ बसवावा. कर्णांत फरक राहिल्यास कप्पा अडकतो. दोन्ही चॅनेल एकाच पातळीत व परस्परांना समांतर असावेत.

५. भार : ५३४ × ५०० मि.मी. कप्प्यात २० सें.मी. उंचीचे डबे ठेवल्यास आतील जागा सुमारे ४८ लिटर भरते. गोल डब्यांमधील पोकळी वगळता प्रत्यक्ष ३६ लिटर उरते. तांदळाचे वजन लिटरला सुमारे ०.८ किलो धरल्यास एकट्या धान्याचाच भार २९ किलो होतो. यात डब्यांचे व कप्प्याचे वजन मिळवावे लागते. म्हणून ४५ किलो क्षमतेची चॅनेल जोडी निवडावी आणि जड डबे सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावेत.

कांदा-बटाट्यासाठी वेगळा कप्पा

कांदा, लसूण व बटाटा साठवणीतही श्वसन करतात आणि ओलावा सोडतात. ते धान्याच्या कप्प्यात ठेवू नयेत. त्यांच्यासाठी तळाला अखंड फळीऐवजी सुमारे १० मि.मी. अंतराने पट्ट्या बसवाव्यात. कांदा व बटाटाही एकमेकांपासून दूर ठेवणे हितावह.

वापरातील शिस्त

• धान्य डब्यात भरण्यापूर्वी पूर्ण वाळवून थंड करावे. दाणा दाताखाली कट्कन फुटावा.
• डब्यावर भरल्याची तारीख लिहावी. नवा डबा मागे व जुना पुढे ठेवावा.
• दर पंधरा दिवसांनी कप्पा पूर्ण बाहेर ओढून डबे तपासावेत. सांडलेले पीठ व भुसा कोरड्या कापडाने पुसावा, कारण पिठातील तांबडा भुंगेरा त्यावरच पोसला जातो.
• सिंकच्या शेजारच्या किंवा ओल येणाऱ्या भिंतीलगतच्या कपाटात धान्य ठेवू नये.

प्रादुर्भाव वेळीच ओळखण्यासाठी कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने विकसित केलेला छिद्रयुक्त नळीचा सापळा उपयुक्त आहे. धान्यातील कीटक हवेच्या दिशेने सरकतात, नळीच्या छिद्रांतून आत शिरतात व तळाच्या भांड्यात अडकतात. मोठ्या डब्यात असा सापळा ठेवल्यास कीड डोळ्यांना दिसण्याआधीच तिची चाहूल लागते.

शेतात महिनोन्‌महिने राबून पिकवलेले धान्य घरात आल्यावर वाया जाणे ही मोठी हानी होय. दोन चॅनेल, थोडे प्लायवूड आणि पंधरवड्याची तपासणी एवढ्या साधनांनी ती बऱ्याच अंशी टाळता येते.