ठेव फक्त पैशांची नसते

रोजेदाराने दार लावून घोटभर पाणी प्यायले, तर कुणाला कळणार? तरीही तो पीत नाही. कुणी पाहत नसताना प्रामाणिक राहण्याची ही सवय रमजान लावतो. तिची परीक्षा मात्र मशिदीबाहेर होते, कधी नोकरीच्या मुलाखतीतही.

गोंदियाच्या राईस मिलमध्ये हिशेब लिहिणारा तरुण जास्त पगारासाठी नागपूर-रायपूरला मुलाखतीला जातो. समोरचे सहज विचारतात, "तुमचे शेठ धान काय भावाने घेतात? दलाल कोण? तांदूळ कुणाला जातो?" घरची गरज मोठी असते. सांगितले तर नोकरी पक्की, असे वाटते. पण ती माहिती त्याची नाही. विश्वासाने हाती आलेली अमानत आहे. मराठीतला 'अनामत' हा शब्द यातूनच आला.

मक्केत पैगंबर मुहम्मद (स.) यांना 'अल-अमीन', म्हणजे विश्वासू, म्हणत. इ.स. 622 मध्ये शहर जिवावर उठल्याने मदिनेला निघताना त्यांनी लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अली यांना मागे ठेवले. वैर झाले म्हणून ठेव बुडवली नाही. शेठशी भांडून नोकरी सोडणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे.

कायदाही याच वाटेने जातो. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 मुळे, नोकरी सुटल्यावर दुसरीकडे काम करू न देणारी अट सहसा टिकत नाही. हुन्नर तुमचा, गुपित मात्र मालकाचे. कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्यातला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार संपण्याआधीच कोट्याच्या स्पर्धक कंपनीत गेला. 1967 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्यावरची मनाई कायम ठेवली: करार आहे तोवर तिथे काम नाही आणि कारखान्याची गुपिते फोडायची नाहीत.

मग मुलाखतीत बोलावे काय? हिशेब कसा जुळवता, थकलेली वसुली कशी केली, हे मोकळेपणाने सांगा. नावे आणि भाव विचारले, तर नम्रपणे म्हणा, "ते सांगता येणार नाही. उद्या तुमचेही असेच सांभाळीन." जुन्या कामाचे कागद नमुना म्हणून मोबाइलमध्ये नेऊ नका. मात्र भेसळ किंवा मजुरांची बुडवलेली मजुरी ही अमानत नव्हे. ती संबंधित अधिकाऱ्यांना कळवावी. नोकरीच्या बदल्यात विकू नये.

गप्प राहिल्याने एखादी नोकरी हुकेलही. म्हणूनच मुलाखत घेणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. गरजू मुलाला असा प्रश्न विचारूच नये.