घराविना घरशाळा

हुबळीहून येल्लापूरमार्गे कारवारकडे जाणाऱ्या सडकेवर, धारवाड जिल्ह्याचा काळ्या मातीचा मुलूख संपून मलनाडची झाडी जेथे दिसू लागते, तेथे कलघटगी हे तालुक्याचे गाव आहे. आणि पुराणकथांच्या चित्रांनी रंगविलेल्या लाकडी पाळण्यांसाठी त्याची जी ख्याती आहे, ती कानडी मुलखाबाहेरही पोचलेली आहे. या गावी जी थोडी मराठीभाषक कुटुंबे आहेत, त्यांचे मूल घरात मराठी ऐकते, बाजारात आणि कचेरीत कन्नड ऐकते, आणि दूरचित्रवाणीवर हिंदी व इंग्रजी. अशा घरातील सुशिक्षित आईबाप, मुलाला पहिली दोन-तीन वर्षे शाळेत न घालता घरीच शिकवावे असा विचार करू लागले, म्हणजे त्यांचा पहिला प्रश्न असतो तो पुस्तकांचा. पुण्याच्या बालभारतीची घ्यावीत, कर्नाटक सरकारची मराठी माध्यमाची क्रमिक पुस्तके घ्यावीत, की हल्ली टपालाने घरपोच येणारे इंग्रजी संच मागवावेत?

या प्रश्नाची कायदेशीर बाजू लवकर आटोपता येते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेचा हक्क देतो; घरी शिकविणाऱ्या आईबापांविषयी तो मौन बाळगतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मूलभूत शिक्षणक्रमात तिसरी, पाचवी आणि आठवी यांना समकक्ष अशा तीन पातळ्या आहेत, त्यामुळे घरी शिकलेल्या मुलाला पुढे दाखल्याची सोय होते. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची तजवीज करण्याविषयी घटनेचे ३५० अ हे कलम १९५६ पासून राज्यांना सांगत आले आहे, आणि मातृभाषेचे माध्यम राज्याला सक्तीने लादता येणार नाही असा निर्णय कर्नाटकाच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी दिला. तात्पर्य, पहिल्या इयत्तांचे काय ते बरेचसे आईबापांच्याच विवेकावर सोपविलेले आहे.

हा विवेक मराठी माणसाने पूर्वी कसा चालविला, याचा शोध घेण्याचा मला फार दिवसांचा नाद आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना आणि गोपाळराव जोश्यांनी आनंदीबाईंना घरी कसे शिकविले, ते प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. परंतु ते पतीने पत्नीला दिलेले शिक्षण होते. आईने आपल्या लहान मुलीला, स्वतः ठरविलेल्या क्रमाने, शाळेची पायरी चढू न देता शिकविले आणि त्या शिक्षणाची साक्ष त्या मुलीने स्वतः लिहून ठेवली, असे ठळक उदाहरण माझ्या माहितीत एकच आहे, आणि ते याच कानडी मुलखातील आहे. ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई, आणि ती आई म्हणजे लक्ष्मीबाई डोंगरे, जिचे नाव तिच्या कन्येच्या चरित्राच्या पहिल्या प्रकरणात येते आणि दुसऱ्यात मावळते.

अनंतशास्त्री डोंगरे मूळचे मंगळूरकडील कोकणस्थ ब्राह्मण. विद्याध्ययनासाठी ते पुण्यास गेले असता त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे हे दुसऱ्या बाजीरावाच्या राणीला संस्कृत शिकवीत, आणि स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून या तरुणाच्या मनाने घेतले की आपल्याही घरी हे घडले पाहिजे. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधापुढे त्यांचे काही चालले नाही. ती वारल्यावर यात्रेत असताना, गोदावरीच्या काठी भेटलेल्या एका ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची कन्या त्यांना दिली, तीच लक्ष्मीबाई. तिला शिकवू लागताच पुन्हा घरात विरोध उभा राहिला, तेव्हा शास्त्रीबुवा तिला घेऊन सह्याद्रीच्या माथ्यावर, तुंगा आणि भद्रा जेथे उगम पावतात त्या गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

बायकोला देववाणी शिकविल्याबद्दल अनंतशास्त्र्यांना उडुपीस धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला. चारशेहून अधिक विद्वानांच्या त्या सभेत त्यांनी शास्त्रवचनांचे आधार काढून असे प्रतिपादन केले की, वेद वर्ज्य करून बाकीचे संस्कृत वाङ्मय, विशेषतः पुराणे, स्त्रीशूद्रांनी शिकण्यास कोणताही प्रतिबंध नाही. सभेने त्यांना वाळीत टाकले नाही. मला या प्रसंगाचे महत्त्व पुष्कळ वाटते, कारण लक्ष्मीबाईंनी पुढे मुलीला जे शिकविले त्याची सीमारेषा येथे आखली गेली. घरात मूल काय शिकेल, हे उडुपीच्या सभेत घासाघीस होऊन ठरलेले होते. घरचे शिक्षण म्हणजे समाजाच्या कक्षेबाहेरचे शिक्षण, ही आजच्या पुष्कळांची समजूत मला म्हणूनच भाबडी वाटते.

आता साधनांकडे वळू. रमाबाईंच्या बालशिक्षणाची जी हकीकत आपल्याकडे रूढ आहे तिचा उगम १८८७ साली फिलाडेल्फियास निघालेल्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या पुस्तकाला डॉ. रेचल बॉडली यांनी जोडलेल्या प्रस्तावनेत आहे. आनंदीबाई जोशी ज्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या त्याच्या या प्रमुख. अरण्यातील पहाट, पाखरांची किलबिल, जमिनीवरच्या अंथरुणातून झोपाळू मुलीला गोंजारून उठविणारी आई, आणि पुस्तकाविना केवळ आईच्या मुखातून चालणारा पाठ, असे ते चित्र आहे आणि ते इतके रम्य आहे की चरित्रकारांनी ते एकामागून एक उचलले. परंतु १९०७ साली स्वतः रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली, आणि तिच्यातील मजकूर या चित्राशी जुळत नाही. त्या लिहितात की, आपण सहा महिन्यांच्या असतानाच आईवडिलांनी गंगामूळ सोडले, आणि आपल्याला वेताच्या पेटीत घालून डोंगरावरून खाली आणण्यात आले. कळू लागल्यापासून आपण पाहिली ती केवळ तीर्थयात्रा. आईने शिकविण्यास आरंभ केला तो आपल्या वयाच्या आठव्या वर्षी, कारण वडील तोवर फार थकले होते. आणि हा क्रम पंधराव्या वर्षापर्यंत चालला.

या दोन लेखांची रुजुवात केली तर मी दुसऱ्याच्या बाजूने उभा राहीन. बॉडलीबाईंनी ऐकीव वृत्तांत सहानुभूतीने सजविला, रमाबाईंनी स्वतःचे आयुष्य लिहिले. पहाटेचा पाठ खरा असेल, आईचे गोंजारणेही खरे असेल. पण तो पाठ अरण्यातील आश्रमात चाललेला नसून धर्मशाळांच्या ओसऱ्यांवर, देवळांच्या प्रांगणांत आणि नद्यांच्या घाटांवर चाललेला होता. ही घरशाळा होती, पण तिला घर नव्हते. आजच्या पालकाला वाटते की स्वतंत्र खोली, फळा, कपाट आणि पुस्तकांचा संच सिद्ध झाल्यावाचून आरंभ करता येणार नाही. लक्ष्मीबाईंजवळ यांपैकी एकही वस्तू नव्हती, आणि आठव्या वर्षापूर्वी आरंभ करण्याची घाईही त्यांना नव्हती.

शिकविले काय? संस्कृत व्याकरण, कोश, आणि पुराणे. बाराव्या वर्षापर्यंत मुलीला अठरा हजार श्लोक मुखोद्गत होते असे बॉडलीबाई नमूद करतात, आणि भागवताची परंपरागत ग्रंथसंख्याही तेवढीच आहे. याला केवळ घोकंपट्टी म्हणणे अन्यायाचे होईल. डोंगरे कुटुंबाचा चरितार्थ पुराणिकाच्या वृत्तीवर चालत असे; देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाचावे, श्रोते जे पुढे ठेवतील त्यावर निर्वाह करावा. म्हणजे जे मूल पहाटे पाठ करी ते दिवसा आईवडिलांच्या मुखातून त्याचाच व्यवहार ऐकत असे, आणि मोठे झाल्यावर स्वतः तोच व्यवहार करीत असे. पाठ आणि जीवन यांचा एवढा निकट संबंध आजच्या कोणत्याही छापील संचात मला दिसत नाही. शिवाय रमाबाई साक्षीत सांगतात की, पुढे कोणाच्या फारशा साहाय्यावाचून आपले आपण शिकता यावे एवढी मनाची मशागत आईने करून ठेवली होती. मी यालाच लक्ष्मीबाईंचे मोठे यश मानतो.

आणि तरीही हा पाठ्यक्रम एका बाजूने घातक ठरला. लौकिक विद्येने मूल प्रपंचात गुंतेल, इंग्रजीने म्लेंच्छांचा संसर्ग होईल, या भयाने आईवडिलांनी हिशेब, हस्तकला, नोकरीला उपयोगी पडेल असे काहीही आपल्या मुलांना शिकविले नाही. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि पुराण ऐकणाऱ्या श्रोत्यांच्याच घरी अन्न उरले नाही, तेव्हा या विद्वान कुटुंबाला भीक मागण्याची लाज वाटत होती, मोलमजुरीची सवय नव्हती, आणि प्रामाणिकपणे पोट भरण्याचा तिसरा मार्ग ठाऊक नव्हता. हे रमाबाईंनी स्वतः, कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले आहे. १८७४ साली अनंतशास्त्री गेले, त्यांच्यामागून लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण. उरलेली दोघे भावंडे पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोचली, आणि तेथील पंडितांनी त्या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या अर्पण केल्या. ज्या विद्येने अन्न दिले नाही तिनेच हा सन्मान दिला. दोन्ही गोष्टी मांडल्यावाचून लक्ष्मीबाईंच्या पाठ्यक्रमाचे मोल ठरविता येत नाही. कलकत्त्यातच केशवचंद्र सेनांनी वेदाचा ग्रंथ हाती ठेवला, तेव्हा स्त्रीला तो अधिकार नाही म्हणून रमाबाई प्रथम कचरल्या. उडुपीला आखलेली रेषा आई गेल्यावरही त्यांच्या मनात शाबूत होती.

मग त्यांच्यावर स्वतःच्या मुलीचे शिक्षण ठरविण्याची पाळी आली. मनोरमा १८८१ साली जन्मली, पुढच्याच वर्षी तिचे वडील बिपिनबिहारी मेधावी वारले, आणि १८८३ साली मायलेकी इंग्लंडात वाँटेज येथील सेंट मेरी मठात जाऊन त्याच वर्षी बाप्तिस्मा घेत्या झाल्या. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या, मूल वाँटेजच्या भगिनींपाशी राहिले, आणि येथून जो वाद पेटला तो तेथील सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवलेल्या पत्रव्यवहारात वाचावयास मिळतो, अ. भि. शहा यांच्या संपादनाने तो १९७७ साली मुंबईस प्रसिद्ध झाला. चार वर्षांच्या मुलीला त्रैक्याचा सिद्धांत शिकवावा की नाही, हा वादाचा विषय. आपल्याला जो सिद्धांत पटलेला नाही तो आपल्या मुलीच्या मुखी घालू नये, असे आईचे म्हणणे. मूल चर्चच्या स्वाधीन झाले असता आईने असा हट्ट धरणे हा गर्व होय, असे सिस्टर जेराल्डीन यांचे. जेराल्डीनबाईंचे मुलीवरील प्रेम खोटे नव्हते, तथापि या वादात रमाबाईंचीच बाजू न्यायाची होती असे माझे मत आहे. मुलाच्या वतीने निवड करणाऱ्याने निदान स्वतःला असत्य वाटते ते शिकवू नये, एवढीच त्यांची मागणी होती. मुलगी मडमांसारखी होऊन स्वदेशाच्या लोकांत परकी वाटू नये, आपल्याच माणसांचे नाव निघाल्यावर तिला लाज वाटू नये, हीही तळमळ त्या पत्रांत आहे, आणि ती वाचताना आज इंग्रजी संचांच्या जाहिराती पाहणाऱ्या आईबापांची मला आठवण होते.

१८८६ साली रमाबाई आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी अमेरिकेस गेल्या, आणि तेथे त्यांना फ्रोबेलची बालोद्यान-पद्धती भेटली. चेंडू, ठोकळे, कागदाच्या घड्या, माती, बागेतील वाफा; मुलाच्या हाताला काम देऊन त्याच्या बुद्धीला जागे करण्याची ही युक्ती त्यांनी केवळ पाहिली नाही, तिचे रीतसर शिक्षण घेतले, आणि मराठी मुलींसाठी क्रमिक वाचनपुस्तके रचण्याचे कामही तेथेच हाती घेतले. दुष्काळात ज्या मुलीला हातांनी काही करता येत नव्हते तिने फ्रोबेलकडे एवढ्या ओढीने वळावे, यात मला दैवयोग दिसत नाही, अनुभव दिसतो. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदासदन आणि पुढे केडगावचे मुक्तिसदन, तेथील छापखाना, विणकाम, तेलघाणी आणि शेती, ही सर्व लक्ष्मीबाईंच्या पाठ्यक्रमाला त्यांच्या मुलीने जोडलेली पुरवणी होय.

कलघटगीच्या आईबापांना म्हणूनच मी सांगेन की, पहिल्या तीन इयत्तांपुरता पुस्तकांचा प्रश्न दुय्यम आहे. मराठी वाचनासाठी बालभारतीची पुस्तके घ्या, गणिताला दोन्ही राज्यांपैकी कोणाचीही चालतील. पण रोज सकाळी पुस्तक मिटून, आईने किंवा बापाने आपल्या मुखाने काही म्हणून दाखवावे आणि मुलाने ते म्हणावे, हा नेम मोडू नये. पाढे, पावकी-निमकी, ओव्या, जे आपल्याला येते ते. दिवसाचा दुसरा भाग हाताच्या कामाला द्यावा. ज्या गावात लाकूड तासून रंगविण्याची परंपरा आहे तेथे त्यासाठी परदेशी खेळणी मागविण्याची गरज नाही. आणि कन्नड हा विषय कोपऱ्यातल्या तासाला ढकलू नये. रमाबाईंनी यात्रेत हिंडताना कन्नड, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली आत्मसात केली ती लोकांत वावरून; घरी शिकणारे मूल गल्लीतील कन्नड मुलांपासून तुटले तर ती भाषा कोणताही संच त्याला देऊ शकणार नाही, आणि आयुष्य तर त्याला याच मुलखात काढावयाचे असते.

वाँटेजला जिच्यावरून एवढा वाद झाला ती मनोरमा शिकून मायदेशी परतली, आईच्या कामात तिचा उजवा हात झाली. १९१२ च्या सुमारास रमाबाईंनी निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे शाळा काढली, आणि त्या कन्नड-मराठी-उर्दू मुलखातील शाळेचे प्रमुखपद मनोरमेकडे दिले. १९२१ साली ती वारली. रमाबाई त्यानंतर वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी निवर्तल्या.