आभासी घरात चालून पाहताना

गेल्या वर्षी पावसाळ्यातल्या एका रविवारी आम्ही मुलुंडच्या आमच्या घरातला हॉल रिकामा केला. दिवाण उभा करून आतल्या खोलीत सरकवला, टीपॉय गॅलरीत गेला, खुर्च्या एकावर एक चढल्या. सासूबाई वॉकर टेकवून स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या. "सत्यनारायण आहे का गं आज?" त्यांनी विचारले. एरवी आमचा हॉल इतका मोकळा पूजेच्याच दिवशी होतो.

पूजा नव्हती. अंधेरीला एका वास्तुविशारदाकडे नोकरी करणारा माझा भाचा ऑफिसातला व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी वास्तवाचा चष्मा, दोन दिवसांसाठी मागून घेऊन आला होता. आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. तळमजला अधिक तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली जुनी इमारत पाडून तिथे टॉवर होणार आहे. नव्या घराचे नकाशे वाटले गेले होते आणि हरकती नोंदवायला पंधरा दिवस होते. बिल्डरच्या कार्यालयातही अशाच एका चष्म्यातून नवे घर दाखवण्यात आले. तिथे फिरत्या खुर्चीत बसून मी मान वळवत होते आणि हॉल मैदानासारखा दिसत होता. सगळे सभासद खूश होऊन बाहेर पडले. मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. बसल्या जागी दिसलेल्या लांबी-रुंदीवर विश्वास ठेवायला मन तयार होईना. भाच्याला म्हटले, "मला त्या घरात चालून बघायचंय."

हे "चालून बघणे" म्हणजेच खोलीभर चालणारे आभासी वास्तव. त्याचे फायदे-तोटे मांडण्याचा हा प्रयत्न आहे. आमच्यासारख्या उपनगरी घरात हे यंत्र काय देते आणि काय मागते, हा त्यातला मुख्य प्रश्न.

मान वळवणे आणि पाऊल टाकणे

साध्या व्हीआर चष्म्याला फक्त मान कुठे वळली एवढेच कळते. वर-खाली, डावी-उजवीकडे आणि खांद्याकडे कलणे, या तीन हालचाली. आपण पुढे वाकलो किंवा पाऊल टाकले, तर चित्र जागचे हलत नाही. खोलीभर चालणाऱ्या प्रकारात आणखी तीन हालचाली मोजल्या जातात : पुढे-मागे, बाजूला आणि उठणे-बसणे. आपण एक पाऊल टाकले की आभासी जगातही बरोबर एक पाऊल पडते.

कल्पना जुनी आहे. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचा पडदा तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. घरात वापरता येईल असे खोलीभर चालणारे यंत्र येण्यास २०१६ साल उजाडले. त्या वर्षी आलेल्या एचटीसी व्हाइव्हसोबत दोन लहान खोके येत. ते खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत उंचावर बसवायचे. त्यांतून अवरक्त प्रकाशाच्या रेषा खोलीभर झाडू मारल्यासारख्या फिरत, सेकंदाला साठ वेळा. चष्म्यावरच्या ३२ संवेदकांपैकी कोणत्यावर रेषा कधी पडली, यावरून डोके नेमके कुठे आहे ते काढले जाई. यंत्र मोठ्या संगणकाला तारेने जोडलेले असे. तार पायात अडकणे ही नित्याची तक्रार होती.

२०१९ मध्ये ऑक्युलस क्वेस्ट आला आणि तार गेली, खोकेही गेले. चष्म्यावरचे चार कॅमेरेच भिंती, फरशी, कपाटाच्या कडा पाहून आपली जागा ठरवू लागले. भाच्याने आणलेला चष्मा याच घराण्यातला होता. वजन अर्धा किलो, बॅटरी जेमतेम दोन तास.

चालण्याने काय मिळते

पहिला फायदा पोटाचा. घाटातल्या एसटीत पुस्तक वाचताना मळमळते, कारण डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते आपण हलतो आहोत. खुर्चीत बसून आभासी जगात फिरताना हेच उलटे होते : डोळे चालतात, कान बसलेला असतो. स्वतःच्या पायांनी चालले की दोघांची साक्ष जुळते आणि मळमळ बरीच कमी होते. बिल्डरच्या खुर्चीत मला पाच मिनिटांत गरगरले होते. घरी अर्धा तास काही झाले नाही.

दुसरा फायदा मापाचा. नकाशावरची "२१०० मिमी" ही संख्या फार थोड्यांना दिसते. पण ओट्यापाशी उभे राहून वळलो आणि पाठीमागे फ्रिज आला, तर ते शरीराला लगेच कळते. वाकणे, हात लांबवणे, आडवे होऊन निघणे या गोष्टी चालल्याशिवाय समजत नाहीत. वास्तुविशारद आणि शस्त्रक्रियेचा सराव करणारे डॉक्टर या यंत्राकडे वळले, ते यासाठीच.

आणि काय द्यावे लागते

सर्वांत मोठी किंमत जागेची. आजच्या चष्म्यांसाठी किमान दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी फरशी सुचवली जाते. व्हाइव्हचे किमान माप दोन बाय दीड मीटर होते. दोन बाय दोन म्हणजे साधारण ४३ चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतले घर ३०० चौरस फुटांचे असते. म्हणजे घराचा सातवा हिस्सा! आमच्या भागात चौरस फुटाचा भाव वीस-पंचवीस हजार आहे. त्या हिशेबाने चष्म्याखालची जमीन साडेआठ ते पावणेअकरा लाखांची झाली. चष्मा त्यापुढे स्वस्तच.

शिवाय ही जागा मालकीची असून भागत नाही, ती रिकामी लागते. मुंबईच्या घरात हॉल हीच बैठक, मुलांची अभ्यासिका आणि रात्रीची झोपायची खोली. एकाने चष्मा लावला की बाकीच्यांनी भिंतीला चिकटून बसायचे. अमेरिकेतल्या तळघरासाठी आखलेला खेळ घाटकोपरच्या दहा बाय बाराच्या खोलीत आणायचा, तर आधी माणसे बाहेर काढावी लागतात.

दुसरा तोटा आंधळेपणाचा. चष्मा वापरणाऱ्याभोवती आखलेली एक सीमा असते. तिच्याजवळ गेले की आभासी जगात जाळी उमटते. पण ही सीमा भिंतीसाठी आहे. मध्येच आलेल्या माणसाची खात्रीशीर सूचना ती देत नाही. मी एकदा हात पसरला तो थेट चहा घेऊन आलेल्या यजमानांच्या कपाला लागला. सुदैवाने चहा कोमट होता. वॉकर धरून चालणारे माणूस घरात असताना ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. पंखा खाली असलेल्या घरात हात वर करण्याचे खेळ तर नकोतच.

तिसरा मुद्दा डोळ्यांचा. पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असला, तरी भिंगांमुळे नजर दीड-दोन मीटरवर केंद्रित राहते. आभासी वस्तू मात्र हातभर अंतरावर किंवा दूर दिसते. डोळ्यांचे वळणे आणि केंद्रित होणे यांत ताटातूट होते आणि डोळे शिणतात. दोन बाहुल्यांमधले अंतर माणसागणिक बदलते. ते चष्म्यात नीट लावले नाही तर चित्र पुसट दिसते. मुलांबाबत तर जपायलाच हवे. क्वेस्ट बनवणारी मेटा कंपनीच दहा वर्षांखालील मुलांना परवानगी देत नाही, आणि दहा ते बारा वर्षांच्या मुलांचे खाते पालकांनी सांभाळायचे असते.

चौथा मुद्दा क्वचितच बोलला जातो. हा चष्मा घराचा नकाशा टिपतो आणि आपली चालही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की पाच मिनिटांहून कमी काळच्या डोके-हातांच्या हालचालींवरून ५११ जणांमधली व्यक्ती ९५ टक्के अचूकतेने ओळखता येते. नाव न सांगताही आपली लकब आपली ओळख देते.

बाथरूमचे दार

आता आमच्या रविवारकडे. मोकळ्या हॉलमध्ये नवे घर एकदम मावत नव्हते, म्हणून आम्ही ते तुकड्यांनी पाहिले. आधी स्वयंपाकघर, मग पॅसेज आणि बाथरूम. भाच्याने सोसायटीला मिळालेल्या नकाशावरून आकृती केली होती. सासूबाईंच्या वॉकरचे माप घेऊन त्याने त्यात एक निळी चौकटही काढली, जी माझ्या हातांबरोबर पुढे सरकत असे. पॅसेजमधून मी बाथरूमच्या दाराशी आले, आणि निळी चौकट दाराच्या चौकटीत दोन्हीकडून शिरली. तीनदा प्रयत्न केला. वॉकर आत जाईना.

चष्मा काढून नकाशा उघडला. दार ६०० मिमी. लाकडी चौकट आणि उघड्या फळीची जाडी वजा जाता जेमतेम बावीस इंच उरत होते. वॉकर चोवीस इंच रुंद. ही गोष्ट टेपनेही कळली असती, हे मान्य करायला हवे. पण नकाशा महिनाभर घरात होता आणि तो आकडा कुणी वाचला नव्हता. मीही नाही.

उलट दिशेची चूकही झाली. नवा हॉल मला चष्म्यात अरुंद वाटला. मोजला तर आताच्या हॉलपेक्षा फूटभर मोठा. आभासी जगात माणूस अंतर कमी धरतो, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. नव्या चष्म्यांत ही चूक घटली आहे, गेलेली नाही. म्हणजे चष्मा काय तपासायचे ते सुचवतो, निकाल टेपने द्यायचा.

आणि आकृती कोणी केली, हाही प्रश्न आहेच. आभासी हॉलमधला सोफा पाच फुटांचा ठेवला की हॉल मोठा दिसतो. रेरा कायद्यातल्या व्याख्येनुसार कार्पेट क्षेत्रात घरातल्या आतल्या भिंतींची जागाही धरली जाते, त्यामुळे चालायला मिळणारी फरशी छापील आकड्याहून कमीच असते. त्याच कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा नमुना घरातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्या ग्राहकाला भरपाई मागता येते. तरीही चष्म्यात दिसलेले सुख कागदावर उतरवून घेतलेले बरे. कोणी असे घर दाखवले तर दोनच गोष्टी मागाव्यात : खुर्चीतून उठून चालू द्या, आणि आतल्या सामानाची मापे लिहून द्या.

मी सासूबाईंना चष्मा लावून पाहायला सुचवले. "नको गं. डोळे झाकून चालायचं वय गेलं माझं. तू बघ आणि मला सांग," त्या म्हणाल्या. ऐंशी उलटलेल्या, तोल जाणाऱ्या माणसाला हा चष्मा लावू नये, हे मलाच उमगायला हवे होते.

मग भाच्याने खडू घेतला. रिकाम्या फरशीवर त्याने पॅसेज आणि बाथरूम खऱ्या मापात आखले, दारासकट. सासूबाई उठल्या, वॉकर टेकवत त्या रेघांमधून चालल्या आणि दाराशी थांबल्या. वॉकरचे दोन्ही पाय रेघांवर होते. "इथं मी अडकणार," त्या म्हणाल्या.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी उभी राहिले. आमच्या चोवीस घरांपैकी सात घरांत सत्तरीपुढची माणसे आहेत. संडास-बाथरूमची दारे ९०० मिमी करावीत, असा ठराव मांडला. थोडी कुरकुर झाली, कारण तेवढी भिंत पॅसेजमधून कमी होणार. ठराव मंजूर झाला आणि इतिवृत्तात आकड्यासह लिहून घेतला.

हेडसेट सोमवारी अंधेरीला परत गेला. दिवाण जागेवर आला. खडूच्या रेघा मात्र सासूबाईंनी दोन दिवस पुसू दिल्या नाहीत.