लहान मासा जाळ्यातून का निसटत नाही?

मासळीबाजारात गेलात तर पापलेटांच्या वाट्यांकडे जरा नीट पाहा. काही पापलेटे मोठ्या माणसाच्या तळहाताहून मोठी, तर काही जेमतेम चार बोटांची असतात. चार बोटांचे पापलेट म्हणजे अजून पिल्लूच. त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात. तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? जाळ्याची भोके थोडी मोठी ठेवली की झाले! लहान मासे निसटतील आणि मोठे तेवढे आत राहतील. पिठाची चाळणी असेच तर काम करते.

पण समुद्रात ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याची चाळणी इतकी सरळ वागत नाही. भोकाचा आकार, भोकाची दिशा आणि माशाच्या अंगाची ठेवण या तिन्ही गोष्टी तेथे महत्त्वाच्या ठरतात. कशा, ते पाहू.

ओढीचे जाळे

ट्रॉल जाळे म्हणजे नरसाळ्याच्या आकाराची एक लांबलचक पिशवी. यांत्रिक नौका ती दोन दोरांनी मागे ओढत नेते. दोरांना दोन जड फळ्या बांधलेल्या असतात. पतंग वाऱ्याशी तिरका राहून वर चढतो, तशा या फळ्या पाण्याशी तिरक्या राहून एकमेकींपासून दूर जातात आणि जाळ्याचे तोंड आडवे फाकते. तोंडाच्या वरच्या कडेला बोये व खालच्या कडेला वजने किंवा साखळी असते. त्यामुळे तोंड उभेही उघडते.

तोंडापुढे सापडलेला मासा लगेच आत शिरत नाही. तळावरून सरकणाऱ्या दोरांमुळे व उठलेल्या गढूळ पाण्यामुळे तो मध्ये लोटला जातो आणि जाळ्याच्या पुढे पुढे, त्याच दिशेने पोहू लागतो. लहान मासा लवकर दमतो, मोठा उशिरा. दमलेला मासा मागे वळतो तो थेट पिशवीत. गंमत अशी की, जाळ्याच्या पुढच्या भागाची भोके चांगली मोठी असूनही बरेच मासे त्यांतून बाहेर पडत नाहीत. जाळ्याची भिंत दिसली की ते तिच्यापासून अंग चोरतात. म्हणून माशांची खरी निवड होते ती पिशवीच्या शेपटाकडच्या टोकाला. या टोकाला आपले कोळी बांधव ‘खोला’ म्हणतात.

आकडा तोच, भोक निम्मे

जाळ्याच्या भोकाला ‘आस’ म्हणतात. आस ताणून धरायचा आणि समोरासमोरच्या दोन गाठींमधील अंतर मोजायचे. ते ४० मिलिमीटर भरले तर आस ४० मि.मी.चा. म्हणजे भोकाची प्रत्येक बाजू २० मि.मी. आणि चारही बाजू मिळून परीघ ८० मि.मी. झाला.

आता एक प्रयोग करा. आइस्क्रीमच्या चार सारख्या काड्या घ्या आणि टोकांना टाचण्या टोचून त्यांचा चौकोन बनवा. टाचण्यांभोवती काड्या सहज फिरल्या पाहिजेत. समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. चौकोन लांबट होत होत मिटेल. नेहमीच्या ट्रॉल जाळ्यात नेमके हेच घडते. त्यातले आस शंकरपाळ्यासारखे असतात व ओढ कोपऱ्यापासून कोपऱ्याकडे बसते. खोल्यात मासळी साठली की तिचा भार जाळ्याला मागे खेचतो आणि आस मिटू लागतात.

हिशेब करून पाहू. २० मि.मी. बाजूचा आस पूर्ण चौकोनी उघडला तर त्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस मि.मी. होते. ओढीमुळे त्याचा कोन ९० अंशांवरून ३० अंशांवर आला तर क्षेत्रफळ २०० चौरस मि.मी. उरते आणि भोकाची रुंदी जेमतेम १० मि.मी.! कागदावर आस ४० मि.मी.चाच, पण पाण्यात भोक निम्मे. खोल्याचा घेर करताना आस जास्त घातले किंवा जाड, दुहेरी सूत वापरले, तर भोके आणखी कमी उघडतात. म्हणून नुसता आसाचा आकडा सांगून भागत नाही.

दिशा बदलली

आता काड्यांचा तोच चौकोन दोन समांतर बाजूंच्या दिशेने ओढा. या वेळी तो मिटत नाही. ओढ त्या दोन बाजूंवर सरळ बसते आणि आडव्या बाजूंवर ताण येत नाही. जाळ्याचे कापड ४५ अंशांनी फिरवून खोला शिवला, तर पाण्यात आस असेच उघडे राहतात. त्यांना चौकोनी आस म्हणतात. १९८० च्या दशकात स्कॉटलंडमधील संशोधकांनी असे खोले उत्तर समुद्राकडील हॅडॉक माशांवर वापरून पाहिले. आसाचा आकडा तोच असूनही चौकोनी आसांतून लहान मासे अधिक निसटले.

निसटलेले मासे मोजायचे कसे? खोल्यावर बारीक आसाचे दुसरे जाळे पांघरतात. आतल्या खोल्यातून निसटलेला मासा बाहेरच्या जाळ्यात अडकतो. दोन्हींतले मासे मोजले, की कोणत्या लांबीचे किती मासे अडकले व किती सुटले ते कळते. ज्या लांबीचे निम्मे मासे अडकतात व निम्मे सुटतात, ती लांबी त्या जाळ्याची खूण मानतात. या लांबीच्या खालचे सगळे सुटले आणि वरचे सगळे अडकले, असे मात्र कधीच होत नाही.

प्रत्येक मासा वेगळा

तर मग चौकोनी आस लावला की काम झाले का? नाही. बांगड्यासारख्या गोलसर अंगाच्या माशाला चौकोनी भोक सोयीचे पडते. पापलेट मात्र चपटे आणि उंच. त्याच्या अंगाची उंची लांबीच्या निम्म्याहून अधिक असते. चपट्या अंगाला उभट, शंकरपाळी भोक बरे. कोळंबीचे तर तंत्रच निराळे! मिशा, पाय आणि डोक्यावरचा काटा जाळ्यात अडकतात.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटाला राज्यमासा घोषित केले. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवण्यात आली. पापलेटाची किमान लांबी १३५ मि.मी. आहे. आता तुम्हीच गणित करा. केवळ ८० मि.मी. लांबीच्या पापलेटाची उंचीसुद्धा ४० मि.मी.हून अधिक असणार. म्हणजे त्याच्या अंगाचा घेर ८० मि.मी.च्या पुढे गेला. आसाचा परीघ ८० मि.मी.च. मग हे पिल्लू ४० मि.मी.च्या आसातून निसटेल कसे? गुजरातच्या २००३ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने ट्रॉलच्या खोल्याला ४० मि.मी.चा चौकोनी आस सांगितला आहे. इतर अनेक लहान माशांना त्याने वाट मिळते. पापलेटाच्या पिल्लाला मात्र तो पुरत नाही. म्हणून आसाच्या नियमाबरोबर माशाच्या लांबीचा नियमही लागतो, आणि पिल्ले जेथे वाढतात त्या जागा टाळाव्या लागतात.

आजचे नुकसान, उद्याचा नफा

मासेमाराची अडचणही समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे एकाच ओढीत कोळंबी, मांदेली, वाकटी, बांगडा असे कितीतरी प्रकार येतात. मोठ्या माशासाठी आस वाढवला तर कोळंबी निसटते, आणि डिझेलचा खर्च तर आजच द्यायचा असतो. म्हणून कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अशी साधने तयार केली आहेत, की कोळंबी जाळ्यात राहावी आणि माशांच्या पिल्लांना बाहेरची वाट मिळावी.

सुटलेला मासा वाया जात नाही. माशाचे वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट! शिवाय तोवर त्याने अंडीही घातलेली असतात. सुटलेली सगळीच पिल्ले जगत नाहीत हे खरे. काहींची खवले निघतात, काहींना मोठे मासे खातात. पण खोल्यात चेंगरलेल्या पिल्लाला वाढण्याची संधीच उरत नाही.

पुढच्या वेळी बाजारात जाताना खिशात फूटपट्टी ठेवा. १३५ मिलिमीटर म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. वाट्यातली किती पापलेटे या मापाला उतरतात, ते मोजून पाहा.